बजाज सोडणारा पुणेकर: एक प्रकरण अभ्यास

1985 च्या सुमारास पुण्यात दुचाकी घ्यायला निघालेल्या माणसापुढे, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच, खरी निवड उभी राहिली. एकीकडे आकुर्डीला बनणारी बजाज चेतक. दुसरीकडे होंडाच्या तंत्रावरची कायनेटिक होंडा, त्याच होंडाच्या इंजिनाची हिरो होंडा सीडी 100, यामाहाची आरएक्स 100, सुझुकीच्या साथीने टीव्हीएसने आणलेली मोटरसायकल आणि कानपूरहून येणारी एलएमएल व्हेस्पा. चेतक ओळखीची होती, कणखर होती आणि पुणेकरासाठी अक्षरशः घरची होती; पिंपरी-चिंचवडमध्ये दर चार घरांआड कुणी ना कुणी बजाजमध्ये, नाहीतर बजाजला सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कामाला असायचं. जपानी तंत्राच्या गाड्या मात्र चालवायला सोप्या, काही पेट्रोल कमी पिणाऱ्या आणि बटण दाबलं की, निदान एका किकमध्ये, सुरू होणाऱ्या होत्या.

पुढच्या पंधरा-वीस वर्षांत हा ग्राहक हळूहळू चेतक सोडून गेला. तो चुकला का, हे तपासायचं आहे. स्वदेशीवरचा वाद एरवी फार हवेत चालतो. इथे गाडी, कारखाना, कामगार आणि गिऱ्हाईक असे सगळे जमिनीवर आहेत, शिवाय चाळीस वर्षांनंतर निकालही समोर आहे.

रांगेची वर्षं

आधी ती निवड इतकी उशिरा का आली ते पाहू. बजाज ऑटोची मुळं 1945 च्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये. सुरुवातीला कंपनी बाहेरून गाड्या आणून विकायची. 1959 मध्ये उत्पादनाचा परवाना मिळाला आणि इटलीच्या पियाजिओशी करार करून व्हेस्पा इथे बनू लागली. 1971 मध्ये तो करार संपला, पुढे वाढवला गेला नाही, आणि 1972 पासून जवळपास तीच गाडी चेतक म्हणून बाहेर पडू लागली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, अंग व्हेस्पा स्प्रिंटचं. साताऱ्याला राज्य सरकारच्या विकास महामंडळाबरोबर काढलेल्या महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया आली, तीही याच घराण्यातली.

कारखान्याने किती गाड्या काढायच्या ते दिल्लीत ठरायचं. परवान्यात लिहिलेल्या क्षमतेच्या वर उत्पादन करणं हा गुन्हा होता आणि मक्तेदारीला आळा घालणाऱ्या 1969 च्या एमआरटीपी कायद्यानंतर मोठ्या उद्योगघराण्यांना विस्ताराची परवानगी मिळणं आणखी अवघड झालं. मागणी वाढत होती, पुरवठा बांधलेला होता. परिणामी चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. काही ठिकाणी ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत गेली. ज्याचा नंबर लागला तो गाडी शोरूममधून काढून दुसऱ्या दिवशी वर ‘ऑन’ घेऊन विकू शकत होता. वापरलेली स्कूटर नव्या गाडीच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जाई. परदेशातल्या नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर मात्र गाडी लवकर मिळे. लग्नाच्या बोलणीत जावयाला स्कूटर हा मुद्दा निघायचा तो उगीच नाही.

या काळातल्या खपाला ग्राहकांचं स्वदेशीप्रेम म्हणणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. रांगेत उभा असलेला माणूस प्रेमाने उभा नव्हता, त्याला दुसरं दुकानच नव्हतं. त्याचा दोष एकट्या बजाजच्या माथी मारणंही बरोबर नाही. राहुल बजाज 1968 पासून कंपनीची सूत्रं सांभाळत होते आणि उत्पादन वाढवू द्या म्हणून सरकारशी जाहीरपणे भांडत होते. पण रांग असताना कुठल्याही कारखानदाराला गाडीत मोठी सुधारणा करण्याची घाई नसते, हेही तितकंच खरं. 1972 ची चेतक आणि 1990 ची चेतक शेजारी उभ्या केल्या तर घरातल्या जाणत्या माणसालाही फरक सांगायला थोडा वेळ लागेल.

यातली घरची कोणती?

या प्रकरणात सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. चेतकचा आराखडा इटालियन. कायनेटिकची लूना, जिच्यावर बसून पुण्या-नगरकडची एक पिढी शाळा-कॉलेजात आणि दूध-पेपर टाकायला गेली, तीही पियाजिओच्याच छोट्या मोपेडवरून आलेली. कायनेटिक होंडाचं तंत्र जपानी, पण मालक पुण्याचे फिरोदिया आणि कारखाना इंदूरजवळ पिथमपूरला. हिरो होंडाचं इंजिन जपानी, हिरोची माणसं लुधियानाची, कारखाना हरियाणात धारूहेड्याला. एलएमएल व्हेस्पाचे भाग सुरुवातीला पियाजिओकडून, जोडणी कानपूरला. आणि 2001 मध्ये आलेली अ‍ॅक्टिवा तर सरळ होंडाच्याच मालकीच्या कंपनीची, पण बनलेली मानेसरमध्ये, इथल्या कामगारांच्या हातून, बहुतेक इथल्याच सुट्या भागांतून.

म्हणजे ग्राहकाने स्वदेशी म्हणून नेमकं काय निवडायचं होतं? मालकाचं आडनाव, आराखड्याचा जन्म, कारखान्याचं गाव की नफा जातो तो देश? चारही कसोट्यांवर एकच उत्तर देणारी गाडी 1985 च्या बाजारात शोधायची म्हटली तर फार कष्ट पडतील. पुणेकराच्या लेखी चेतक घरची होती ती आकुर्डीमुळे. ही कसोटी मला सगळ्यांत समजण्यासारखी वाटते. तीत भूगोल आहे आणि शेजाऱ्याचा पगार आहे. पण मग मानेसरजवळच्या गावातल्या माणसाला अ‍ॅक्टिवा घरची वाटली तर त्याला काय सांगणार?

गाडीजवळ जाऊन पाहू

सकाळी चेतक सुरू करणं हा एक विधी होता. आधी गाडी डाव्या बाजूला चांगली झुकवायची, सेकंदभर तशीच धरायची, सरळ करायची. मग चोक ओढून किक. तीन-चार किकांत जागी झाली तर दिवस चांगला. नाहीतर बाजूचं झाकण उघडायचं, पान्याने प्लग काढायचा, त्यावरचा काळा कार्बन पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारायची आणि परत बसवायचा. पंपावर पेट्रोलबरोबर मापाने टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल, घालून घ्यावं लागे आणि ते विसरलं तर इंजिन जाम. रिझर्व्हचा कॉक कुठे आहे ते मान न वळवता हाताला कळलं पाहिजे. इंजिन एका अंगाला असल्याने गाडी किंचित कलती. नवशिक्याला ब्रेक मारताना ती आपल्याच मर्जीने वळतेय असं वाटे.

ही झाली तक्रारीची बाजू. दुसरी बाजू कमी सांगितली जाते. पत्र्याचं अंग ठोकून-ठाकून सरळ करता यायचं. पंक्चर झालं तर मागे स्टेपनी तयार. चाक बदलायला पाच-दहा मिनिटं आणि दोन पाने पुरत. पुढे फळीवर गॅसचा सिलेंडर बसायचा, तो नसला तर पोरगं उभं राहायचं. केबल तुटली की गावातल्या कुठल्याही मेस्त्रीकडे ती टांगलेलीच असायची. नारायण पेठेतल्या गॅरेजात असो की आटपाडीच्या एसटी स्टँडासमोर, ‘काका, पिकअप घेत नाहीये’ एवढं म्हटलं की काका कार्ब्युरेटर खोलायला बसायचे. सुटा भाग मिळणं, तो बसवणारा माणूस मिळणं आणि दोन्ही स्वस्तात मिळणं हे गाडीच्या गुणवत्तेतच धरलं पाहिजे. जपानी गाडी चांगली की चेतक, हे शोरूममध्ये ठरवताना बहुतेकांच्या हिशेबात हा भाग नसे. तो कळे तो सहा वर्षांनी.

आता कायनेटिक होंडा. गिअर नाही, किकची गरज नाही, बटण दाबायचं आणि निघायचं. पुण्यातल्या बायका दुचाकीवर मोठ्या संख्येने दिसू लागल्या, त्यात या गाडीचा आणि लूनासारख्या हलक्या गाड्यांचा मोठा वाटा आहे. चेतकची जड किक आणि डाव्या हाताने मूठ पिळून टाकायचा गिअर यांनी अर्ध्या घराला मागच्या सीटवर बसवून ठेवलं होतं. बँकेत नोकरी करणाऱ्या एखाद्या काकूंना 1988 मध्ये स्वदेशीचं कर्तव्य म्हणून चेतक घ्या असं सांगणं म्हणजे, सरळ सांगायचं तर, बसने जा असं सांगणं होतं. बजाजला हे दिसलं नाही असं नाही. 1990 मध्ये त्यांनी सनी आणली. पण ती आली तेव्हा बाजारात स्पर्धा उभी राहून पाच वर्षं झाली होती. रांगेच्या काळात ती का सुचली नाही, याचं उत्तर रांगेतच आहे.

पेट्रोलचा हिशेबही मांडून पाहू. रोज वीस किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे सहा हजार किलोमीटर. चेतक लिटरला चाळीस देते धरलं तर दीडशे लिटर. सीडी 100 ची जाहिरात ऐंशीची होती. शहरातल्या रस्त्यावर आपण पासष्टच धरू. तरी ब्याण्णव लिटर. वर्षाला साठेक लिटरची बचत, वर टूटी ऑइलचा खर्च शून्य. कारकुनाच्या पगारात ही रक्कम लहान नव्हती. हा फरक देशासाठी सोसा असं त्याला म्हणायचं असेल, तर ते पेट्रोल ज्या कच्च्या तेलातून येतं त्यातलं बरंचसं आपण डॉलर मोजून आणतो, हेही त्याला सांगायला हवं. जास्त पेट्रोल पिणारी देशी गाडी परकीय चलन वाचवते की घालवते, याचा हिशेब स्वदेशीच्या व्यासपीठावर मांडलेला मी तरी ऐकलेला नाही.

‘हमारा’

1989 मध्ये बजाजची ‘हमारा बजाज’ ही जाहिरात दूरदर्शनवर आली. गाडीच्या गुणांपेक्षा ती आपलेपणाबद्दल बोलत होती. तिची वेळ मोठी बोलकी आहे. रांग असताना अशा जाहिरातीची गरज पडली नव्हती. गिऱ्हाईक दुसरीकडे बघू लागलं तेव्हा ‘आपली’ असण्याची आठवण करून द्यावी लागली. ती जाहिरात लोकांना मनापासून आवडली, आजही चाळिशीपुढच्या कुणालाही चाल विचारा. चेतकही काही वर्षं जोरात खपली. पण तोवर कल बदलायला लागला होता आणि नव्वदचं दशक संपता संपता देशात मोटरसायकलींचा खप स्कूटरच्या पुढे गेला. जाहिरात आवडणारेच हिरो होंडाच्या शोरूममध्ये उभे होते, आणि त्यात मला ढोंग दिसत नाही. गाण्यावर माया करायला पैसे पडत नाहीत. गाडी हप्त्यावर घ्यावी लागते.

मध्येच 1993 चं एक उपप्रकरण आहे. उदारीकरणानंतर काही मोठे उद्योगपती एकत्र आले आणि परदेशी कंपन्यांशी लढताना आम्हाला समान संधी द्या अशी मागणी त्यांनी केली. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बॉम्बे क्लब’ म्हटलं. राहुल बजाज त्यांचा सर्वांत ठळक आवाज होते. संरक्षणाची सवय झालेले लोक ओरडतायत, अशी टिंगल तेव्हा खूप झाली. मला ती अर्धीच पटते. त्यांचं म्हणणं असं होतं की चाळीस वर्षं तुम्ही आमचे हात बांधलेत, महाग व्याजाने आणि वाईट रस्त्यांवर धंदा करायला लावलंत, आणि आता एका रात्रीत फाटक उघडताय. तक्रार सरकारकडे होती, आणि ती तिथेच करायला हवी होती. गिऱ्हाइकाने वाईट गाडी घेऊन ती भरून काढावी, असं त्यातून निघत नाही.

सोडून गेल्याने काय झालं

2001 मध्ये हिरो होंडा देशातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली. बजाजला हा घाव वर्मी लागला. त्याच वर्षाच्या शेवटी चाकणच्या कारखान्यातून पल्सर बाहेर आली. जपानच्या कावासाकीबरोबरच्या भागीदारीच्या वर्षांत शिकलेलं आणि स्वतःच्या अभियंत्यांनी उभं केलेलं असं ते इंजिन होतं. पल्सरने काय केलं ते कुठल्याही कॉलेजच्या पार्किंगमध्ये दिसतं. पुढे 2007 मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. ज्या कंपनीला इटालियन आराखड्यावर तीस वर्षं काढावी लागली, ती आता युरोपातल्या ब्रँडच्या गाड्या चाकणला बनवू लागली.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. पल्सर जन्माला आली ती चेतक सोडून गेलेल्या गिऱ्हाइकामुळे. तो थांबला असता, आणखी दहा वर्षं ‘आपली गाडी’ म्हणत किक मारत राहिला असता, तर आकुर्डीला बदलायचं कारणच उरलं नसतं.

पण हे मत कुणाच्या ताटातून वाढून घेतलं आहे, तेही पाहायला हवं. चेतकचं उत्पादन थांबलं, कंपनीने कामगारांपुढे व्हीआरएस ठेवली, 2007 मध्ये आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन बंद झालं. 2009 मध्ये राहुल बजाज यांचे चिरंजीव राजीव बजाज यांनी स्कूटरच्या धंद्यातून पूर्ण बाहेर पडायचं जाहीर केलं तेव्हा खुद्द राहुल बजाज यांनी आपल्याला हे रुचलेलं नाही असं उघड सांगितलं. उत्तराखंडातल्या पंतनगरला कारखान्यांसाठी करसवलती होत्या, चाकणला नवी यंत्रं होती. आकुर्डीच्या पन्नाशीतल्या फिटरला यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं. ग्राहकाची निवड बरोबर होती म्हणून त्या घरांचं नुकसान खोटं ठरत नाही. ते भरून काढणं, नवं काम शिकवणं, मुलांच्या शिक्षणाची सोय करणं, ही जबाबदारी कंपनीची आणि सरकारची होती. ती कितपत पार पडली याबद्दल त्या भागात बोललात तर एकमत सापडणार नाही.

दुसरी अडचण कायनेटिकची. 1998 मध्ये होंडा कायनेटिकपासून वेगळी झाली आणि लगेच स्वतःची कंपनी काढून अ‍ॅक्टिवा घेऊन आली. कायनेटिकने काही वर्षं धडपड केली, शेवटी 2008 मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्राकडे गेला. तंत्र भाड्याचं असलं की मालक एक दिवस घर रिकामं करायला सांगतो. 1971 मध्ये पियाजिओचा करार संपला तेव्हा बजाजवरही तीच वेळ आली होती, पण तेव्हा बंद बाजाराने बजाजला स्वतः शिकायला वेळ दिला. कायनेटिकला उघड्या बाजारात तो वेळ मिळाला नाही. त्यामुळे संरक्षणाचा काहीच फायदा झाला नाही असं मी म्हणणार नाही. भोसरी, चिंचवड इथे सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो छोट्या कारखान्यांचं जाळं त्या बंद वर्षांतच वाढलं, आणि पुढे परदेशी भागीदारीतल्या गाड्यांचे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवा, ही सरकारी अट त्यामुळेच पाळता आली. प्रश्न संरक्षण किती वर्षं आणि कशाच्या बदल्यात द्यायचं हा आहे. तो परवाना देणाऱ्याने सोडवायचा असतो, आणि आपल्याकडे तो सोडवायला पंचवीस वर्षं लागली.

कैरो आणि लागोसमधून पाहिलं तर

आज बजाजच्या गाड्या सत्तरहून अधिक देशांत जातात. नायजेरियात मोटरसायकल टॅक्सीवाल्यांची आवडती गाडी म्हणजे बॉक्सर. इजिप्तमध्ये ‘टुकटुक’ म्हणून धावणाऱ्या रिक्षांत बजाजची रिक्षा सर्रास दिसते. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या सरकारने टुकटुकचे मुख्य भाग आयात करायला बंदी घातली तेव्हा त्याचा फटका छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या बजाज कारखान्यापर्यंत पोचणार हे उघड होतं. आता लागोसमधल्या एखाद्या मोटरसायकलवाल्याला त्याच्या देशातला पुढारी म्हणाला की परदेशी गाडी चांगली असली तरी घेऊ नकोस, तर छत्रपती संभाजीनगरचा आपला कामगार त्या भाषणाला टाळ्या वाजवेल का? स्वदेशीचा नियम सगळ्यांना लागू केला तर आपल्याच निर्यातीचं काय होतं, हे ज्यांच्या गावात कारखाना आहे त्यांना लवकर कळतं.

परत आलेली चेतक

2020 च्या सुरुवातीला चेतक विजेवर परत आली, आणि 2022 पासून आकुर्डीतच तिच्यासाठी नवा कारखाना सुरू झाला. पत्र्याचं अंग, गोलसर दिवा, जुन्या आठवणींची बेमालूम फोडणी. ग्राहक ती घेतोय, आणि यावेळी बाजूलाच ओला, टीव्हीएस, एथर उभ्या असताना घेतोय. ही निवड मला रांगेतल्या त्या निवडीपेक्षा जास्त मोलाची वाटते.

तरी गाठ सुटलेली नाही. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर नवे निर्बंध लावले, आणि त्या पावसाळ्यात आकुर्डीचं विजेच्या चेतकचं उत्पादन चुंबकांअभावी अडखळलं. गाडी पुण्याची, कंपनी पुण्याची, आराखडाही आता इथलाच. मोटरच्या पोटातला चुंबक मात्र चीनचा. बंगळुरूच्या किंवा होसूरच्या स्कूटरची गोष्टही याहून फार वेगळी नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट हे अशा धातूंचं खनिज आहे. त्यातून धातू वेगळे काढायचे, शुद्ध करायचे, मिश्रधातू करायचा आणि त्याचा चुंबक घडवायचा, या सगळ्या पायऱ्या मोठ्या प्रमाणावर देशात उभ्या राहिलेल्या नाहीत, आणि शोरूममध्ये चेतक घ्यायची की अ‍ॅक्टिवा हे ठरवत असलेल्या माणसाच्या हातात त्यातली एकही पायरी नाही.